घरातल्या ज्येष्ठांना मालिश करायला शिकताना

आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, झोप पुरती उडाली होती. वय शहात्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, पायांची कातडी राखेसारखी पांढरी पडलेली. रात्री दोन-तीनदा उठून ते खाटेच्या कडेला नुसते बसून राहत. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लिहून दिले आणि जोडीला रोज हलक्या हाताने तेल लावायला सांगितले. तेल लावायचे म्हणजे कोणते, किती, कुठून कुठे आणि किती जोराने, हे मात्र त्या कागदावर नव्हते. पुढच्या काही महिन्यांत मी बऱ्याच चुका केल्या, काही वेळीच टळल्या, आणि हळूहळू एक पद्धत बसली. आज तिला चार वर्षे झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांना मालिश करायला जे नव्याने सुरुवात करणार आहेत, त्यांना तोच गोंधळ पुन्हा सोसावा लागू नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. बाळाची आणि बाळंतिणीची मालिश हा वेगळा विषय असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

१. मालिशीने काय होते आणि काय होत नाही, हे आधी समजून घ्या

अण्णा तरुणपणी कोल्हापूरला तालमीत होते. मेहनत झाल्यावर जोडीदारांनी एकमेकांचे अंग रगडून द्यायचे, हा तेथला रोजचा रिवाज. त्यामुळे मालिश म्हणजे जोर, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांची पोटरी अंगठ्यांनी दाबायला लागलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, “दाबू नगंस. नुसता हात फिरीव, सावकाश.” पैलवानाच्या अंगाला लागणारा हात आणि म्हाताऱ्या अंगाला लागणारा हात यांतला फरक त्यांना माझ्या आधी कळला होता.

या संथ हाताला शरीरशास्त्राचाही आधार आहे. आपल्या त्वचेत, विशेषतः जेथे केस असतात त्या भागात, असे मज्जातंतू असतात की जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या धिम्या गतीने फिरणाऱ्या उबदार हाताला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, आणि या स्पर्शातून जाणवते ते मुख्यतः सुख आणि निश्चिंतपणा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर पस्तीस-चाळीस सेंटिमीटर धरले, तर एक हात फिरवायला मनात दहा आकडे मोजावेत, असा सोपा हिशेब निघतो. अशा मालिशीने हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास लांब होतो, रक्तदाबही काही काळ थोडा उतरतो आणि मनावरचा ताण सैल होतो. झोपेपूर्वी मालिश केलेल्या रात्री अण्णा कमी वेळा उठतात, हे मी माझ्या वहीत पाहिले आहे.

वेदनेचेही तसेच आहे. ठेच लागली की आपला हात आपोआप तेथे जातो आणि आपण ती जागा चोळतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अंशतः अडवतात. या सिद्धांताचे बारकावे पुढे बदलले, तरी चोळल्याने दुखणे काही वेळ का कमी होते, हे त्यातून नीट उलगडते. येथे ‘काही वेळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कंबर किंवा गुडघा यांना मालिशीने मिळणारा आराम बहुधा काही तासांचा किंवा काही दिवसांचा असतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, त्यामुळे भरून येत नाही. म्हणून आम्ही मालिशीनंतरच्या सैल पायांचा उपयोग व्यायामासाठी करतो. गुडघ्याला खरे बळ मांडीच्या स्नायूंकडून मिळते आणि ते स्नायू व्यायामानेच घडतात.

मालिशीने चरबी वितळत नाही आणि ‘विषद्रव्ये’ बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते, असेही पुष्कळांना वाटते, परंतु व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकते.

एक लाभ मात्र कोणत्याही जाहिरातीत नसतो. जोडीदार गेल्यानंतर वृद्ध माणसाला दिवसचे दिवस कोणाचा हात लागत नाही. नातवंडे पाया पडतात, डॉक्टर नाडी बघतात, तेवढेच. अण्णा पहिल्या आठवड्यात मालिश चालू असताना काही बोलत नसत. नवव्या की दहाव्या दिवशी नडगीवरच्या जुन्या व्रणावर माझा हात गेला आणि ते आपण होऊन त्या कुस्तीची, तेव्हाच्या मातीची आणि घरी आल्यावर आईने त्यांना काय बोल लावले त्याची हकीकत सांगायला लागले. आई गेल्यानंतर तिच्याविषयी ते त्या दिवशी प्रथमच बोलले.

२. सुरुवातीला कागदपत्रे घेऊन डॉक्टरांकडे जा

“मालिश केली तर चालेल का?” असे मोघम विचारले की उत्तरही मोघमच मिळते. पुढील गोष्टी सोबत न्या आणि प्रत्येकीविषयी स्वतंत्र प्रश्न विचारा.

– चालू औषधांची पूर्ण यादी. त्यात रक्त पातळ करणारी औषधे (वॉरफेरिन, अ‍ॅपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन) आहेत का, हे ठळकपणे दाखवा. अशा व्यक्तींच्या अंगावर थोड्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात.
– हाडांच्या घनतेचा अहवाल असल्यास तो. त्यातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे मानतात. मग पाठ आणि बरगड्यांवर जोर देण्याचा प्रश्नच उरत नाही.
– रक्तदाब आणि साखरेच्या अलीकडच्या नोंदी.
– गुडघा, खुबा किंवा कणा यांचे एक्स-रे, आणि झालेल्या शस्त्रक्रियांचे कागद. पेसमेकर बसवलेला असल्यास त्याचीही माहिती द्या.

मधुमेह असल्यास आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. पायांची संवेदना शाबूत आहे का, हे पहिले. कारण बधिर पायाला तेल गरम लागते आहे हे कळत नाही आणि भाजते. दुसरे इन्सुलिनविषयी. सुई टोचलेली जागा चोळली की इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरते, म्हणून तो भाग वगळावा लागतो. त्वचेवर औषधाची पट्टी लावलेली असेल, तर तिच्यावर आणि आजूबाजूला चोळू नये, शेकूही नये.

३. कधी हात लावायचा नाही, हे पाठ करा

एकदा आम्ही मोटारीने पुण्याहून नागपूरला गेलो. त्यानंतर तीन-चार दिवसांनी अण्णा म्हणाले की डावी पोटरी भरून आली आहे, जरा रगडून दे. मी तेलाची वाटी घेऊन बसलोही होतो. पायजमा वर केला तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी सुजलेली होती आणि हाताला गरम लागत होती. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत एक वाक्य बजावले होते: एकच पाय सुजला तर तेल नाही, डॉक्टर. त्या वाक्यामुळे मी वाटी बाजूला ठेवली. दवाखान्यात डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाली आणि पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकते. दुखऱ्या पोटरीला आपण जे सहज, मायेने करायला जातो, तेच त्या दिवशी घातक ठरले असते. मालिश शिकणाऱ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, हे ठेवावे.

याखेरीज ताप, अचानक सुजलेला किंवा लाल झालेला सांधा, जखम, पुरळ, गजकर्ण, नुकतेच पडणे किंवा मुका मार, हाड मोडल्याची शंका, छातीत दुखणे, दम लागणे, यांपैकी काहीही असेल त्या दिवशी मालिश करू नये. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवातच करू नये. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करावा असे सांगून कफाने ग्रासलेल्या, नुकतेच शोधन (वमन, विरेचन अशी शरीरशुद्धी) झालेल्या आणि अजीर्ण झालेल्या माणसाला तो वर्ज्य सांगितला आहे. आपल्याकडे त्यातला पहिला भाग आवडीने सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो.

४. साहित्य

– तेल: थंडीत तिळाचे, उन्हाळ्यात खोबरेल. लाकडी घाण्याचे ताजे तेल मिळाले तर उत्तम, पण खवट वास येत असेल तर कोणतेही वापरू नका. पाय आणि पाठ यांना दोन ते तीन मोठे चमचे पुरतात.
– तेल ठेवायला स्टीलची छोटी वाटी आणि ती बसेल असे गरम पाण्याचे भांडे.
– दोन जुन्या सुती चादरी, दोन पंचे, मानेखाली आणि गुडघ्यांखाली ठेवायला उश्या.
– न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबरी चटई, बसायला पाट किंवा प्लास्टिकचे स्टूल.
– तेल काढायला डाळीचे पीठ.
– एक वही.

महानारायण तेल, बला तेल अशी औषधी तेले वैद्याने प्रकृती पाहून सांगितली तर जरूर वापरावीत. सुरुवातीच्या महिन्यात मात्र साधेच तेल घ्या, म्हणजे त्वचेवर काही उठले तर ते कशाने उठले हे कळते. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून चोवीस तास थांबा; तिळाची अ‍ॅलर्जी असणारी माणसे असतात. दुखण्यावरचे झोंबणारे मलम लावून वर शेकाची पिशवी ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने कातडी भाजते. मलम, शेक आणि तेल यांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

काशाच्या वाटीविषयी येथेच सांगतो. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाची वाटी गोल फिरवण्याची आपल्याकडची पद्धत अतिशय सुखद आहे आणि अण्णांना ती फार आवडते. वाटीखालचे तेल काळे पडते, तेव्हा अंगातली उष्णता बाहेर आली असे म्हणतात. कासे हा तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू आहे. तळव्यावर घासताना तेल आणि घाम यांच्याशी त्याचा संबंध येऊन हा काळेपणा येतो. तळवा जास्त काळा झाला म्हणून आजार जास्त, असा अर्थ काढून घाबरू नये आणि काळे येईपर्यंत घासत बसू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या किंवा भेगा पडलेल्या तळपायांना वाटी लावूच नये.

५. जागा आणि वेळ

खोली उबदार, पंखा बंद, दूरदर्शन संच बंद. जमिनीवर सतरंजी घालण्याऐवजी खाटेचा उपयोग करा. गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवरून उठवताना तुमचीही कंबर धरते. वेळ सकाळी अंघोळीपूर्वीची किंवा रात्री निजण्यापूर्वीची, पण रोज तीच ठेवा. पहिले दोन आठवडे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त करू नका.

६. प्रत्यक्ष मालिश

तेलाची वाटी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवा. मी एकदा घाईत वाटी सरळ गॅसवर ठेवली होती. तेल तापलेले वरून दिसत नाही, आणि ते माझ्याच बोटांवर सांडले म्हणून निभावले. प्रत्येक वेळी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहा. नखे कापलेली असावीत, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे.

सुरुवात तळपायांपासून करा. अंगावर लाज वाटेल असे काही उघडे पडत नाही आणि माणूस लवकर सैल होतो. ज्या भागाला तेल लावायचे तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीने झाकलेले ठेवा. आईवडिलांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी, कारण मुलांपुढे उघडे होण्याचा संकोच ते बोलून दाखवत नाहीत, नुसतेच “आज नको” म्हणतात. हात ठेवण्यापूर्वी विचारा. आजही मी “आता पाठ घेऊ का?” असे विचारतो आणि अण्णा मान हलवतात तेव्हाच पाठीकडे वळतो.

तळपाय: दोन्ही तळव्यांमध्ये पाऊल धरून एक मिनिट नुसते स्थिर राहा. मग टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने लांब रेघ ओढा, बोटे एकेक करून हलकेच ओढा, बोटांच्या बेचक्यांत तेल साचू देऊ नका. बेचक्यांत ओल राहिली तर चिखल्या होतात. याच वेळी टाच, बोटे आणि तळवा उजेडात नीट पाहून घ्या. मधुमेहाची जखम लवकर सापडण्याची ही सर्वांत चांगली संधी असते.

पाय: घोट्यापासून गुडघ्याकडे आणि गुडघ्यापासून मांडीकडे पूर्ण तळहाताने सरकत जा. हृदयाकडे जाताना किंचित वजन, परत येताना नुसता स्पर्श. नडगीच्या हाडावर दाब नको. गुडघ्याच्या वाटीभोवती गोल फिरवा, वाटीवर दाबू नका, आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात फक्त तेल लावा, कारण तेथून रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वरून जातात. पहिल्या महिन्यात मी दुखऱ्या जागी जास्त जोर लावत असे आणि दुसऱ्या दिवशी तो गुडघा अधिक ठणकत असे. दुखऱ्या जागेच्या वरचे आणि खालचे स्नायू सैल केले की मधली जागा आपोआप हलकी होते, हे अण्णांनीच मला दाखवून दिले.

हात आणि खांदे: बोटांपासून मनगट, कोपर, दंड असे वर जा, सांध्यांवर गोल, मधल्या लांब भागावर सरळ. ज्या वृद्धांच्या हातांची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, त्यांना भरपूर तेल घ्या आणि कातडी ओढली जाऊ देऊ नका, ती फाटते.

पाठ: पालथे झोपवणे अनेक ज्येष्ठांना सोसत नाही. त्यांना कुशीवर वळवा, किंवा खुर्चीवर उलटे बसवून पाठटेकणीवर उशी ठेवा आणि तिच्यावर हात टेकू द्या. कण्याच्या मणक्यांवर बोट ठेवायचे नाही. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या पट्ट्यांवरून कंबरेपासून खांद्यांपर्यंत वर या आणि फऱ्यांवरून गोल वळून खाली उतरा. घरातल्या मुलांना पाठीवर उभे करण्याची जुनी पद्धत वृद्धांच्या बाबतीत पूर्णपणे बंद करा.

मान आणि डोके: मानेच्या फक्त मागच्या बाजूला हात लावा. पुढच्या आणि बाजूच्या भागातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात, तेथे दाबल्याने चक्कर येऊ शकते. मान कडकन वाजवून घेणे सर्वस्वी टाळा. डोक्याला बोटांच्या पेरांनी, कानांच्या पाळ्यांना चिमटीत धरून तेल लावा. अण्णांचे कान पैलवानांचे असतात तसे जाड, मोडलेले आहेत. त्यांच्या पाळ्या चोळल्या की त्यांचे डोळे मिटतात. कानात मात्र तेल घालू नका, कारण पडद्याला छिद्र आहे की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

मालिश चालू असताना चेहरा पाहत राहा. “दुखतंय का?” या प्रश्नाला त्या पिढीची माणसे बहुधा “नाही” म्हणतात, पण कपाळाला आठी पडते, श्वास रोखला जातो, पायाची बोटे आखडतात. तेवढे दिसले की हात हलका करा.

७. उठणे आणि अंघोळ

सर्वांत जास्त अपघात येथे होतात. मालिशीने रक्तदाब थोडा उतरलेला असतो, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. त्यामुळे एकदम उभे राहिल्यास अंधारी येते. आधी कुशीवर, मग दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसवा आणि नंतरच उभे करा. तळपायांचे तेल पंचाने पूर्ण पुसल्याशिवाय फरशीवर एकही पाऊल टाकू देऊ नका. आमच्या न्हाणीघरात अण्णा एकदा घसरले आणि सुदैवाने दाराची चौकट हाती लागली. त्याच दिवशी मी रबरी चटई आणली.

तेल पंधरा-वीस मिनिटे अंगावर राहू द्या. नंतर कोमट पाणी आणि डाळीचे पीठ. साबण अंगभर नको, काखा आणि जांघांपुरता पुरे. रात्री मालिश केली असेल तर ओलसर गरम पंचाने पुसून घेतले तरी चालते. अंघोळ झाल्यावर न्हाणीघराची फरशी गरम पाणी आणि साबणाने लगेच धुवा, नाहीतर पुढे जाणारा माणूस घसरतो. तेलकट पंचे वेगळे, कढत पाण्यात धुवा.

८. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची असेल तर

महिन्यातून एकदा जाणकार हाताची मदत घेणे चांगले. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पंचकर्म विभाग असतात, जसे मुंबईत वरळीला पोदार रुग्णालयात. तेथे वैद्य तपासून मगच अभ्यंग ठरवतात. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन हातांची पद्धत दाखवू शकतात, आणि नवख्या माणसाने निदान एक बैठक तरी अशी शिकून घ्यावी. आम्ही एकदा एका मालिश केंद्रात चौकशी केली, तेव्हा अण्णांच्या औषधांविषयी एकही प्रश्न न विचारता दहा बैठकींचे पैसे आगाऊ मागितले गेले. जेथे औषधे आणि आजार विचारत नाहीत, जेथे दुखेपर्यंत दाबणे हेच कौशल्य मानतात, किंवा जेथे गुडघा कायमचा बरा करण्याची हमी देतात, तेथून उठून यावे.

९. पहिला आठवडा असा ठेवा

पहिले दोन दिवस फक्त तळपाय, दहा मिनिटे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. पाचव्या दिवशी विश्रांती. त्वचा पाहा, डाग किंवा पुरळ आहे का ते तपासा. सहाव्या दिवशी पाय आणि हात. सातव्या दिवशी त्यांनाच विचारा की कोणती जागा हवी आणि कोणती नको, आणि नको म्हटलेली जागा कारण न विचारता वगळा. वहीत रोज चारच गोष्टी लिहा: तारीख, कोणते तेल, रात्री किती वेळा उठले, आणि सकाळी गुडघा कसा होता. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. आमच्या वहीत एक पाचवा रकानाही झाला आहे, त्या दिवशी अण्णा काय बोलले त्याचा.